चौदा दिवसांचं कापड, चोवीस वर्षांची चर्चा : गुंडाळलेल्या राइशटागचं प्रकरण

२५ फेब्रुवारी १९९४. जर्मनीची संसद, म्हणजे बुंडेस्टाग, तेव्हा अजून बॉनमध्येच भरत होती. त्या दिवशी सभागृहापुढे असा विषय होता, की बर्लिनमधली राइशटागची, म्हणजे जुन्या संसदेची, इमारत दोन आठवड्यांसाठी वरपासून खालपर्यंत कापडात गुंडाळायला क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलावंत जोडप्याला परवानगी द्यायची की नाही. तासाभराहून अधिक चर्चा झाली आणि मग प्रत्येक खासदाराचं मत नावानिशी नोंदवलं गेलं. बाजूने २९२, विरोधात २२३, तटस्थ ९, आणि एक मत बाद.

जी कलाकृती अजून झालेलीच नाही, ती व्हावी की नाही हे ठरवायला देशाची संसद बसते, पंतप्रधानाच्या पदावरचा माणूस विरोधात असतो आणि तरीही त्याच्याच आघाडीतले काही खासदार बाजूने मत देतात, हे प्रकरण म्हणून मला फार मोलाचं वाटतं. सार्वजनिक जागेतल्या तात्पुरत्या मांडण्यांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा त्या मांडल्यानंतर काय झालं ते बघतो. किती लोक आले, किती फोटो निघाले, वर्तमानपत्रांत काय छापून आलं. राइशटागच्या बाबतीत तेही आकडे मोठे आहेत. पण खरा नागरी संवाद कापड चढण्याच्या आधी झाला, कल्पना सुचल्यापासूनच्या त्या चोवीस वर्षांत. या लेखाचा भर त्यावरच आहे.

इमारत साधी नव्हती

राइशटाग १८८४ ते १८९४ या काळात पाउल वालोट या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावर उभी राहिली. तेव्हा जर्मनीत सम्राट होता आणि संसदेचे अधिकार तोकडे होते. दर्शनी भागावर ‘जर्मन जनतेला’ अर्पण असल्याची अक्षरं वालोटच्या मनात पहिल्यापासून होती, ती प्रत्यक्ष बसायला १९१६ उजाडलं, म्हणजे पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं. दोन वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९१८ ला, राजकीय नेते फिलिप शायडमान यांनी याच इमारतीच्या खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा केली.

मग २७ फेब्रुवारी १९३३ ची आग. हिटलर चान्सेलर, म्हणजे पंतप्रधान, होऊन महिनाही झाला नव्हता. आगीचं निमित्त करून दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे मूलभूत हक्क गोठवणारा आदेश निघाला, आणि पुढे नाममात्र उरलेली संसद समोरच्या क्रोल ऑपेरा हाउसमध्ये भरू लागली. १९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी इमारत जिंकून छतावर झेंडा लावला, भिंतींवर रशियन लिपीत आपली नावं आणि गावं लिहिली. युद्धात मोडकळीला आलेला घुमट १९५४ मध्ये स्फोटाने पाडला. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली ती या इमारतीच्या अगदी पाठीमागून गेली. इमारत पश्चिमेकडे, ब्रिटिशांच्या विभागात. मागचा रस्ता पूर्वेकडे.

साठच्या दशकात तिची दुरुस्ती झाली, पण ती संसद म्हणून वापरता येईना. चार विजेत्या राष्ट्रांमधल्या करारानुसार पश्चिम जर्मनीच्या संसदेचं पूर्ण अधिवेशन बर्लिनमध्ये भरवायला मनाई होती. मग तिथे समित्यांच्या बैठका व्हायच्या आणि जर्मन इतिहासावरचं एक प्रदर्शन असायचं. राष्ट्राच्या जुन्या संसदेचं प्रदर्शनगृह झालं होतं. जर्मन माणसाने या इमारतीकडे अभिमानाने बघायचं, शरमेने, दुःखाने की नुसत्या कुतूहलाने, याचं उत्तर कुणीच देत नव्हतं. कुणी जाहीरपणे विचारतही नव्हतं.

प्रकरण समजून घ्यायला ही पार्श्वभूमी लागतेच. कोऱ्या, निरुपद्रवी इमारतीला कापड गुंडाळलं असतं तर लोकांनी चार दिवस गंमत बघितली असती आणि विसरून गेले असते.

एका पोस्टकार्डापासून

१९७१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनमध्ये राहणाऱ्या मायकेल कलन या अमेरिकन माणसाने न्यूयॉर्कला क्रिस्टोंना एक पोस्टकार्ड पाठवलं. त्यावर राइशटागचं चित्र होतं आणि ही इमारत गुंडाळावी असं सुचवलं होतं. कलन पुढे या इमारतीचे इतिहासकारच झाले.

क्रिस्टोंना ती कल्पना का भिडली असावी हे त्यांच्या आयुष्यात दिसतं. जन्म १९३५ चा, बल्गेरियातल्या गाब्रोवो गावचा. १९५७ मध्ये ते प्रागहून मालगाडीत लपून व्हिएन्नाला निसटले आणि पुढची अनेक वर्षं कुठल्याच देशाचे नागरिक नव्हते. पॅरिसमध्ये त्यांना जान-क्लोद भेटल्या. दोघांचा जन्म एकाच दिवसाचा, १३ जून १९३५. त्या जन्मल्या कॅसाब्लांकात. बर्लिनची भिंत उभी राहिल्यानंतरच्या वर्षी, जून १९६२ मध्ये, दोघांनी पॅरिसच्या रू व्हिस्कोंती या अरुंद गल्लीत तेलाची पिंपं एकावर एक रचून रस्ता काही तासांसाठी अडवला. त्याला परवानगी नव्हती. पूर्व आणि पश्चिम जिथे प्रत्यक्ष एकमेकांना टेकत होत्या अशा जागेवरची एक मोठी इमारत त्या पोस्टकार्डावर होती.

पण रू व्हिस्कोंतीसारखं रात्रीत येऊन काही करून जाणं इथे शक्यच नव्हतं. इथे परवानगी मागावी लागणार होती आणि ती देणारा अधिकारी म्हणजे बुंडेस्टागचा अध्यक्ष. १९७७ मध्ये पहिला नकार आला. १९८१ मध्ये दुसरा. १९८७ मध्ये तिसरा. प्रत्येक वेळी अध्यक्ष वेगळा, उत्तर तेच. दरम्यान माजी चान्सेलर विली ब्रांट १९८१ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या घरी गेले आणि नाद सोडू नका असं सांगून आले.

या काळात प्रकल्प भिजत पडला होता असं वरवर वाटेल. प्रत्यक्षात चित्रं काढली जात होती, प्रतिकृती बनत होत्या, जर्मनीत प्रदर्शनं भरत होती, व्याख्यानं होत होती. दर नकाराच्या वेळी वर्तमानपत्रांत पुन्हा वाद रंगायचा. आपल्याच इमारतीला हात लावायला नाही का म्हणता, हे अध्यक्षांना लेखी सांगावं लागायचं, आणि सांगितलेलं कारण मग तपासलं जायचं. राष्ट्राच्या प्रतीकाचा अवमान होईल, हे एक कारण. भिंतीपलीकडच्यांना काय वाटेल, हे दुसरं. ही कारणं चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण ती कागदावर आली, आणि एकदा आल्यावर त्यांना उत्तर देता येऊ लागलं.

उंबरे झिजवण्याची वर्षं

१९८९ मध्ये भिंत पडली. २ ऑक्टोबर १९९० च्या मध्यरात्री राइशटागच्याच पुढ्यात एकीकरणाचा झेंडा चढला आणि दोन दिवसांनी अखंड जर्मनीच्या संसदेची पहिली बैठक त्या इमारतीत झाली. २० जून १९९१ ला बुंडेस्टागने संसद आणि सरकार बर्लिनला हलवायचा निर्णय ३३८ विरुद्ध ३२० मतांनी घेतला. मोडकं प्रदर्शनगृह आता पुन्हा संसद होणार होतं. इमारतीचा मोठा जीर्णोद्धार ठरला, ब्रिटिश वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांच्याकडे काम गेलं.

यामुळे क्रिस्टो आणि जान-क्लोद यांच्यापुढे एक मुदत उभी राहिली. बांधकाम सुरू व्हायच्या आत झालं तर झालं, एरवी कायमचं नाही. सुदैवाने तेव्हा बुंडेस्टागच्या अध्यक्षपदी रीटा स्युसमुट होत्या. त्या चान्सेलर हेल्मुट कोल यांच्याच पक्षाच्या, पण या कल्पनेच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या. कोल यांचा विरोध होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

मग दोघांनी केलं ते काम कुठल्याही कार्यकर्त्याला ओळखीचं वाटेल. बॉनला जायचं आणि खासदारांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे. एकेकाला भेटायचं, चित्रं पसरायची, प्रश्न ऐकायचे. विरोधकांनाही भेटायचं. कापड पेटेल का, वारा सुटला तर काय, दगडी मूर्तींना धक्का लागेल का, पैसा कुणाचा, लोक हसतील का. असे प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच आल्यासारखं उत्तर द्यायचं. मोठी प्रतिकृती संसदेच्या आवारात मांडली गेली, म्हणजे येताजाता खासदारांच्या नजरेला पडावी.

जान-क्लोद पुढे नेहमी ठासून सांगत की परवानगी मिळवण्याचा सगळा खटाटोप हा कलाकृतीचाच भाग आहे. कलावंत अशी वाक्यं बोलतात, आपण ऐकून सोडून देतो. या एका प्रकरणात मात्र ते शब्दशः खरं आहे, कारण खटाटोपाचा शेवट संसदेच्या छापील इतिवृत्तात झाला आणि ते इतिवृत्त आजही कुणालाही वाचता येतं.

सभागृहातली चर्चा

विरोधकांची बाजू मांडणारे सर्वांत वजनदार वक्ते वोल्फगांग शॉयब्ले होते, सत्ताधारी ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांचे संसदेतले नेते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : राष्ट्राची प्रतीकं माणसांना जोडण्यासाठी असतात. देश नुकताच एकत्र आला आहे, जखमा ओल्या आहेत. अशा वेळी लोकांमध्ये फूट पाडणारा प्रयोग आणि तोही याच इमारतीवर कशासाठी? कलेला त्यांचा विरोध नव्हता. प्रयोगासाठी दुसऱ्या हजार जागा आहेत, ही नको, इतकंच.

हा युक्तिवाद आजही वाचताना मला दुबळा वाटत नाही. पूर्व जर्मनीतून आलेल्या, नोकरी गेलेल्या माणसाला या कापडाबद्दल काय वाटेल, ही चिंता त्यात होती. आपली गोष्ट सांगताना विरोधकांना अरसिक ठरवायची सवय कलाप्रेमी मंडळींना असते. तसं केलं तर हे प्रकरण निम्मंच उरतं.

बाजूने बोलणाऱ्यांत समाजवादी लोकशाहीवादी पक्षाचे पेटर कोन्राडी आणि फ्राइमुट डुवे होते. कोन्राड वाइस होते, जे पूर्व जर्मनीतल्या नागरी हक्क चळवळीतून आले होते आणि माहितीपट बनवत. त्यांच्या बाजूचा गाभा असा, की काही दिवस झाकलेली इमारत लोक पुन्हा नव्याने बघतील. या जागेशी चिकटलेल्या जुन्या प्रतिमा आग, झेंडा आणि पडझडीच्या आहेत. जगाला जर्मनीची एखादी शांत, मोकळी प्रतिमाही दिसू दे. आणि स्वतःच्या प्रतीकाबद्दल इतका मोकळेपणा दाखवता येणं हे लोकशाहीच्या आत्मविश्वासाचं लक्षण आहे.

सत्ताधारी पक्षातलेही काही जण प्रकल्पाच्या बाजूने उभे राहिले. त्या तासाभरात खासदार एका कापडाबद्दल बोलत होते आणि त्या निमित्ताने पहिल्यांदाच एकमेकांना विचारत होते की बर्लिनला गेल्यावर आपण कुठल्या इमारतीत बसणार आहोत आणि तिच्याकडे कसं बघणार आहोत. अंदाजपत्रकाच्या किंवा बांधकामाच्या चर्चेत हा प्रश्न आला नसता. तिथे खोल्या किती आणि खर्च किती हेच निघालं असतं.

कापड, दोर आणि पन्नास लाख माणसं

प्रत्यक्ष काम जून १९९५ मध्ये झालं. एक लाख चौरस मीटर जाड विणीचं पॉलीप्रॉपिलीनचं कापड, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर. इमारतीच्या पृष्ठभागापेक्षा हे कापड दुप्पट घेतलं होतं, कारण ते ताणून बसवायचं नव्हतं. त्याला भरपूर चुण्या पडायला हव्या होत्या. इमारतीच्या मापाने सत्तर तुकडे शिवून घेतले. मूर्ती, दगडी कलश आणि कोपऱ्यांच्या मनोऱ्यांवर आधी पोलादी सांगाडे चढवले. त्यामुळे कापड दगडाला घासलं नाही आणि वरून खाली सरळ ओघळलं. त्यावर ३.२ सेंटीमीटर जाडीचा निळा दोर, एकूण १५.६ किलोमीटर.

हे चढवायला क्रेनची रांग लावली नाही. नव्वद व्यावसायिक गिर्यारोहक छतावरून दोराने लटकत खाली उतरले आणि गुंडाळलेलं कापड उलगडत आणलं. मदतीला १२० कामगार होते. माणूस त्या भिंतीवर केवढासा दिसतो ते फोटोंत बघण्यासारखं आहे : चांदीसारख्या उभ्या चुणीत अडकलेला एक ठिपका, आणि त्याच्या हातातून सुटत जाणारं कापड. २४ जूनला काम पुरं झालं. त्यानंतरचे चौदा दिवस कापड दिवसभर रंग बदलत राहिलं. ढगाळ आभाळाखाली करडं, उन्हात डोळे दिपवणारं, सूर्य कलताना तांबूस. वाऱ्याने चुण्या हलायच्या, म्हणजे दगडाची ती भारदस्त इमारत हलताना दिसायची.

सुमारे पन्नास लाख लोक आले. तिकीट नव्हतं, दार नव्हतं, रांग नव्हती. समोरच्या हिरवळीवर लोक चटया टाकून बसले, रात्रभर थांबले, अनोळखी लोकांशी बोलले. देखरेखीला नेमलेली तरुण मुलं येणाऱ्यांना त्याच कापडाचे छोटे तुकडे फुकट वाटत होती. कुणी विचारलं तर माहिती देत होती, पण याचा अर्थ काय ते सांगत नव्हती. प्रतीक दुभंग घडवेल ही भीती होती. हिरवळीवर तसं काही घडलं नाही.

मुदत वाढवा अशी मागणी झाली. दोघांनी नाही म्हटलं. ७ जुलैपासून कापड उतरवायला सुरुवात झाली आणि सामान पुनर्वापरासाठी गेलं.

पैसा कुणाचा

सरकारचा एक पैसा लागला नाही. प्रायोजकही नव्हता. क्रिस्टोंची तयारीची चित्रं, कोलाज, प्रतिकृती विकून सगळा खर्च उभा केला. कापडावर कुणाचं बोधचिन्ह नव्हतं आणि मैदानात कुणाची कमान नव्हती.

हा मुद्दा नैतिक शुद्धतेचा म्हणून सांगत नाही. संवादावर त्याचा थेट परिणाम झाला म्हणून सांगतो. सरकारी पैसा असता तर सभागृहातली सगळी चर्चा ‘करदात्याच्या पैशाची उधळपट्टी’ या एका वाक्यात अडकली असती. कंपनीचा पैसा असता तर राष्ट्राचं प्रतीक जाहिरातीला दिलं, असा आरोप झाला असता आणि तो बरोबरच असता. दोन्ही वाटा बंद केल्यामुळे विरोधकांना खऱ्या प्रश्नाकडे यावंच लागलं : या इमारतीशी आपलं नातं काय?

चर्चा आधी की नंतर

याच्या अगदी उलट घडलेलं प्रकरण न्यूयॉर्कचं. १९८१ मध्ये तिथल्या फेडरल प्लाझा या सरकारी कार्यालयांपुढच्या चौकात शिल्पकार रिचर्ड सेरा यांची ‘टिल्टेड आर्क’ ही कलाकृती बसली. सुमारे ३६ मीटर लांब, साडेतीन मीटरहून उंच, गंजलेल्या रंगाच्या पोलादाची एक वळणदार भिंत. कलाकृती सरकारनेच मागवली होती, निवड तज्ज्ञांनी केली होती. रोज तो चौक ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांना मात्र आता वळसा घालून जावं लागत होतं, आणि त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं.

चर्चा झाली ती चार वर्षांनी, मार्च १९८५ मध्ये, जाहीर सुनावणीच्या रूपात. १८० जण बोलले. १२२ जणांनी ठेवा म्हटलं, ५८ जणांनी काढा. तरी समितीने चार विरुद्ध एक मताने हटवण्याची शिफारस केली. मग कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मार्च १९८९ मध्ये एका रात्री त्या भिंतीचे तुकडे करून ती नेली. संवादाच्या जागी कुठलीतरी एकच बाजू जिंकणार अशी परिस्थिती उरली होती. सेरांना हार म्हणजे कलाकृतीचा मृत्यू होता, कर्मचाऱ्यांना हार म्हणजे रोजचा वळसा आयुष्यभर.

राइशटागमध्ये हरणाऱ्याला जगता येत होतं. २२३ खासदारांना ठाऊक होतं की चौदा दिवसांनी दगड पुन्हा जसाच्या तसा दिसेल. तात्पुरतेपणाची खरी ताकद मला इथे दिसते. अल्पायुषी वस्तू सुंदर दिसते वगैरे भाग वेगळा. जिला शेवटची तारीख आहे तिला विरोधकसुद्धा ‘करून बघा’ म्हणू शकतो, किंवा म्हटलं नाही तरी सहन करू शकतो.

जिथे ते उणं पडलं

सगळं आदर्श होतं असं नाही. बर्लिनच्या रहिवाशांना आराखडा ठरवताना कुणी बोलावलं नव्हतं. कापडाचा रंग, दोर, दिवस, सगळं दोन माणसांनी ठरवलं होतं आणि त्यात बदल करायची त्यांची तयारी नव्हती. लोकांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत होतं, तेही खासदारांमार्फत. आजच्या लोकसहभागी नगररचनेच्या कसोटीवर हे प्रकरण काठावरही पास होणार नाही. माझं मत असं, की कलाकृतीला ती कसोटी लावू नये. पण फुटपाथ, चौक किंवा बसथांबा बदलणाऱ्या प्रायोगिक मांडणीला ती लावायलाच हवी. तिथे माणसाचं रोजचं चालणं बदलतं.

दुसरी उणीव कायद्याची निघाली. जर्मन कायद्यात सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी असलेल्या वास्तूंचे आणि शिल्पांचे फोटो कुणीही काढून विकू शकतो. एका प्रकाशकाने गुंडाळलेल्या राइशटागची पोस्टकार्डं परवानगीशिवाय विकली आणि वाद सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. २४ जानेवारी २००२ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की ही कलाकृती ‘कायमस्वरूपी’ नव्हती, म्हणून ती सवलत लागू नाही. विक्रीसाठी कलावंतांची संमती हवी. कलावंतांच्या बाजूने पाहता निकाल समजण्यासारखा आहे, कारण प्रायोजक न घेता जगणाऱ्यांचं उत्पन्न चित्रांवरच होतं. पण पन्नास लाख लोकांनी मिळून जे पाहिलं त्याच्या प्रतिमेवर हक्क कुणाचा, हा प्रश्न राहतोच, आणि तो आधीच्या सगळ्या चर्चेत कुठेच आला नव्हता.

आपल्या मांडवांकडे बघताना

मराठी वाचकाला तात्पुरती सार्वजनिक मांडणी समजावून सांगायची गरज नाही. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवात आपण दहा दिवसांसाठी रस्त्यावर अख्खी वास्तू उभी करतो आणि मग उतरवतो. हलते, जिवंत देखावे बघायला लोक रात्र रात्र चालतात. हुंडा, व्यसनं, पाणी, अपघात, शेतकऱ्यांची परिस्थिती हे सगळे विषय देखाव्यांत येऊन गेले आहेत. लोक बघतात, बोलतात, वाद घालतात. चौदा दिवसांच्या कापडाचं नवल आपल्याला वाटू नये.

फरक दिसतो तो परवानगीच्या टप्प्यावर. आपल्याकडे मांडवाच्या अर्जात रस्त्याची रुंदी, वीजजोड, अग्निशमन, वाहतूक यांची विचारणा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण तो अर्ज मंडळ, महापालिका आणि पोलीस यांच्यातच फिरतो. ज्या गल्लीत मांडव उभा राहतो तिथल्या दुकानदाराला, समोरच्या इमारतीतल्या आजोबांना, हातगाडीवाल्याला त्या टप्प्यावर बोलायला जागा नसते. त्यांचं म्हणणं पुढे तक्रार म्हणून येतं, आणि तक्रारीला उत्तर देताना मंडळाचे कार्यकर्तेही बचावाच्या पवित्र्यात जातात. शहरात आता रंगवलेले चौक, एका दिवसापुरते वाहनमुक्त रस्ते, भिंतीवरची चित्रं असे प्रयोग होऊ लागले आहेत, तिथेही हेच दिसतं. आधी रंग लागतो, मग मत विचारलं जातं.

बॉनच्या धर्तीवर संसद भरवायची गरज नाही. पण प्रयोगाची शेवटची तारीख अर्जावरच मोठ्या अक्षरात लिहिणं, पैसा कुठून आला ते मांडणीच्या जागीच लावणं, आणि नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लेखी देऊन ते सगळ्यांना वाचायला ठेवणं, इतकं एखाद्या वॉर्डातही जमू शकतं. मांडणी करणाऱ्यांनी विरोध करणाऱ्यांच्या घरी जाऊन बसणं तर कुठल्याच नियमाने अडवलेलं नाही.

पुढे काय झालं

कापड उतरल्यावर लगेच जीर्णोद्धाराचं काम सुरू झालं. फॉस्टर यांनी काचेचा घुमट बांधला, ज्यात नागरिक आपल्या प्रतिनिधींच्या डोक्यावरून चालत वर जाऊ शकतात. सोव्हिएत सैनिकांनी भिंतींवर लिहिलेली नावं पुसली नाहीत, जपली. १९ एप्रिल १९९९ ला नव्या सभागृहात बुंडेस्टागची पहिली बैठक झाली. गुंडाळण्यामुळेच हे सगळं घडलं असा दावा कुणी करू नये; घुमटाचे निर्णय स्वतंत्रपणे झाले. पण प्रतीकांबद्दल सभागृहात उघड बोलायची सवय मात्र टिकली. २५ जून १९९९ ला युरोपातल्या ज्यूंच्या हत्याकांडाच्या स्मारकावर संसदेतच चर्चा होऊन ३१४ विरुद्ध २०९ मतांनी ते उभारायचं ठरलं.

आणि ५ एप्रिल २००० ला पुन्हा एका कलाकृतीवर मतदान झालं. कलावंत हान्स हाके यांनी इमारतीच्या आतल्या उत्तरेकडच्या अंगणात एक मोठा वाफा करून त्यात ‘लोकसंख्येला’ अशी पांढरी प्रकाशमान अक्षरं बसवायचं सुचवलं होतं, म्हणजे दर्शनी भागावरच्या ‘जर्मन जनतेला’ या अर्पणासमोर इथे राहणाऱ्या सगळ्यांचा, परदेशी नागरिकांचाही, उल्लेख येईल. प्रत्येक खासदाराने आपल्या मतदारसंघातून माती आणून त्यात टाकायची. ही मांडणी चौदा दिवसांची नव्हती, राहणार होती. मतं पडली २६० विरुद्ध २५८, तटस्थ ३१. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वाफा खुला झाला. तेव्हापासून वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांनी त्यात माती आणून टाकली आहे, आणि तिच्याबरोबर आलेल्या बियांतून जे उगवतं ते कुणी छाटत नाही.